चौदा पायऱ्या

ला पाझमध्ये जानेवारीच्या चोविसाव्या दिवशी
बाराचा ठोका पडायच्या आत
हवं ते विकत घ्यायचं असतं. लहान.
नखाएवढी साखरेची पोती,
काडेपेटीत मावेल अशी बस,
टपालाच्या तिकिटाएवढं पदवीचं प्रमाणपत्र.
ते धुरावर धरायचं,
वर दारूचे चार थेंब, पिवळ्या पाकळ्या,
आणि वर्षभर नजरेसमोर ठेवायचं.

मी निकानोर. प्लास्टरची घरं करतो.
एकवीस वर्षं झाली.
लोक येतात, म्हणतात, एक छानसं घर द्या.
कसलं छान, असं विचारलं की गडबडतात.
छान म्हणजे, छान.
त्यांना लाल छपराचं देतो, त्याचा साचा आहे,
तासाला चाळीस निघतात.

एउलोहिया चोके आली तेव्हा
माझ्याच स्टुलावर बसली, टोपी मांडीवर घेऊन.
जिना बाहेरून हवा, म्हणाली.
खाली भाडेकरू ठेवीन, त्याचं तोंड रोज कशाला बघू?
खिडकी इलिमानीच्या बर्फाकडे.
आणि दाराशी खिळा, टोपीसाठी.
बाई, या मापाला खिळा म्हणजे टाचणीचं टोक.
मग टाचणीचं टोक लाव.

दुसऱ्या वर्षी धुण्याचा हौद मागितला,
दगड डावीकडे, कारण ती डावखुरी.
तिसऱ्या वर्षी घर हातात घेतलं, पायऱ्या मोजल्या.
अकराच?
चौदा आहेत, म्हणाली. मी चढते ना.
कुठे चढता?
झोप लागायच्या आधी. रोज.
तुझ्या अकराव्यानंतर पाय अधांतरी पडतो.

रात्री बायकोला सांगून हसलो.
पहाटे चारला उठून बसथांब्यावर
जांभळ्या मक्याचं गरम पेय विकणारी बाई,
आणि हे मनातले मांडे.
बायको हसली नाही. भाडेकरू कोण, म्हणाली.

चौथ्या वर्षी तिच्या बोटांच्या पेरांत
सिमेंट होतं, धुऊन न जाणारं.
घासाघीस न करता पैसे दिले
आणि शेजारच्या गाळ्यावरून विटांचं चिमुकलं पोतं घेतलं.

पाचव्या वर्षी आली नाही.
चौदा पायऱ्यांचं घर टेबलाखाली राखून ठेवलं होतं.
गिऱ्हाइकं दोनदा मागत होती, दिलं नाही.
बारा वाजले, सगळीकडे धूर झाला,
कोणाचं आहे हे, यातिरीने विचारलं.
मी नुसतंच पुढे केलं.

मग सहाव्या वर्षी, दहाच्या सुमारास,
गर्दीतून कोपराने वाट काढत, तणतणत:
खिडकी चुकली!
शेजाऱ्याने तीन मजले चढवले.
इलिमानी गेला त्याच्या पाण्याच्या टाकीमागे,
एक कोपरा दिसतो, तोही मान मोडून.
हे नव्हतं बघितलं मी. कसं नाही बघितलं?
आणि पायऱ्या?
चौदा. बाराव्यावर दम लागतो.
तो झोपेत कधी लागत नव्हता.
छप्पर अजून अर्धं पत्र्याचं आहे,
भाडेकरू थकवतो, हौदाचा दगड मात्र डावीकडे.

यंदा काय देऊ, मी विचारलं.
बुटका शेजारी, म्हणाली, आणि स्वतःच इतकी हसली
की टोपी सावरावी लागली.

जाताना वळली.
तू रे? एकवीस वर्षांत
स्वतःसाठी एक तरी केलंस का?
करीन की.
कसलं?
माझ्या हातात लाल छपराचं होतं, ओलं.
छानसं, मी म्हणालो.

त्या रात्री दिवा मालवून पाहिलं करून.
आधी काहीच आलं नाही, नुसता प्लास्टरचा वास.
मग एक दार. हिरवं असावं.
हात पुढे केला,
पण कडी डावीकडे की उजवीकडे
ते ठरेना.
बायकोला विचारावं म्हटलं, तर तिला झोप लागली होती,
आणि चेहरा असा
की कुठेतरी आत पोचलेली.